मृदुलाला फोन करा

माझा आवाज मृदू नाही. कधीच नव्हता. घरात मी साधं "पंखा बंद कर" म्हटलं तरी शेजारीण दार उघडून विचारते, काय झालं हो? ऑफिसात तोंडावर मला ताई म्हणतात आणि पाठीमागे फौजदार, हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. पण फोन वाजला की इतकी वर्षं मी काय म्हणत आले? "नमस्कार, मी मृदुला." तेही तोंडात साखर धरून.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बसवलेल्या लिफ्ट दुरुस्त करते. म्हणजे करते असं म्हणते. तक्रारीचे फोन घ्यायला मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, बिनखिडकीची. तिथे आम्ही बायका बसतो, आणि त्या खोलीतली प्रत्येक बाई फोनवर मृदुला असते. मी मृदुला, माझ्या शेजारची सदा गुणगुणणारी गाणारी मृदुला, तिच्यापलीकडची जाड भिंगांची बॅटरी मृदुला, कोपऱ्यातली उंच तीही मृदुला. एखादी नोकरी सोडून गेली तरी दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत मृदुला हजर. मालकांनी म्हणे हे नाव नावांच्या पुस्तकातून शोधून काढलं. मृदुला म्हणजे मऊ, कोमल, हळुवार. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असू दे, नाव ऐकूनच निम्मं निवलं पाहिजे. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर आमचं स्टिकर असतं. कानाला हेडफोन लावून हसणारी एक गोरीपान बाई, आणि खाली, "अडकलात? घाबरू नका. मृदुलाला फोन करा." त्याखाली नंबर.

सुट्या भागांच्या ऑर्डरी घेणारा एक बाप्या आमच्याच खोलीत दाराजवळ बसतो. तो फोनवर स्वतःचं नाव सांगतो, आडनावासकट. मी एकदा साहेबांना विचारलं, याला का नाही हो एखादं मऊसूत नाव? साहेब हसले. या साहेबांना आम्ही मखमल म्हणतो. त्यांचा आवाज कधी चढत नाही, माणसाला कामावरून काढतानासुद्धा ते "बाळा" म्हणतात. "ताई, तुमचं आपलं काहीतरीच," ते म्हणाले, "त्याचं नाव असलं काय, नसलं काय. तुमचं नाव म्हणजे कंपनीची ओळख आहे." माझं नाव! माझं नाव त्यांना आठवत तरी होतं का, देव जाणे.

आणि या नावाचे फायदे काय सांगू? लिफ्ट ठणठणीत चालत असताना फोन करून "मृदुला, जेवलीस का?" विचारणारे एक गृहस्थ होते. आमच्यापैकी कुणीही उचललं तरी त्यांना चालायचं. मी एकदा चांगली खरडपट्टी काढली, तर मखमलनं मलाच बोलावून घेतलं. म्हणे, जुनं गिऱ्हाईक आहे, दोन गोड शब्द बोलायला काय जातं? काय जातं ते बोलणाऱ्या बाईला विचारावं. शिव्या खायच्या त्याही मृदुला म्हणून. "ए मृदुला, तुझ्या बापाची लिफ्ट आहे का?" असं कुणी ओरडलं की आम्ही मनात म्हणायचो, जाऊ दे, मला थोडीच म्हणाला. तेवढाच काय तो आडोसा.

तर अशा खोलीत ती पोरगी आली. किरकोळ अंगाची, पण आवाज असा घोगरा की पहिल्यांदा बोलली तेव्हा गाणारी दचकलीच. मी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"मृदुला."

"ते फोनवरचं झालं. खरं सांग."

"खरंच मृदुला आहे, ताई."

खोलीत जो काय हशा पिकला! बॅटरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिनं चष्मा काढून पुसला. उंच म्हणाली, "बरंय बाई, तुला पाठ करायला नको." पोरगीही हसली. मग जेवणाच्या सुट्टीत तिनं मला सांगितलं की तिचे वडील फरशा बसवायचं काम करतात. सिमेंटनं त्यांचे हात कायम फाटलेले असायचे. ती जन्मली तेव्हा ते तिला उचलायलाच तयार नव्हते, म्हणे माझे हात लागतील तिला. शेवटी आजीनं जबरदस्तीनं ओंजळीत ठेवलं, तेव्हा हाताला जे लागलं तेच नाव ठेवलं त्यांनी. पुस्तकबिस्तक काही नाही. ते तिला कधी मृदू म्हणत नाहीत, की मिनी म्हणत नाहीत. पूर्ण नाव घेतात. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, फरशीवर बसायचं काम होत नाही, आणि घर या पोरीच्या पगारावर चालायचं होतं. अजून ती कच्च्या नोकरीत होती. माझ्या शेजारी स्टूल टाकून नुसतं ऐकायचं, शिकायचं. तिच्या कानाला हेडफोनसुद्धा लागला नव्हता.

आणि त्याच दिवसांत ते आजींचं प्रकरण झालं.

एका इमारतीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. भर दुपारी, एकट्या. त्यांनी स्टिकर वाचून फोन केला. तो बॅटरीनं घेतला. आता आमच्याकडे नियम असा की माणूस निघालेला असो वा नसो, गिऱ्हाईकाला सांगायचं, "माणूस निघालाय." मखमलनं तो आमच्याकडून घोकून घेतलाय. "निघतोय" म्हटलं तर बोलणी बसतात, "निघालाय"च म्हणायचं, म्हणजे गिऱ्हाईकाला धीर येतो. बॅटरीनं सांगितलं, आजी, माणूस निघालाय. मग तिनं कारागिराला फोन लावला, तर तो मालकांच्या मेव्हण्याच्या इमारतीत, लिफ्टमधला आरसा बदलत होता. तिनं मखमलला सांगितलं की याला तिथून काढा, बाई अडकली आहे. मखमल म्हणाले, मेव्हण्यांचं काम अर्धवट कसं सोडायचं, आजींना सांग निघालाय. आजींचा परत फोन आला. निघालाय. परत आला. निघालाय. शेवटी अग्निशमन दलाच्या लोकांनी दार कापून त्यांना बाहेर काढलं. बॅटरी त्या दिवशी डबा न उघडता घरी गेली.

आजींचा मुलगा गप्प बसणारा नव्हता. त्यानं थेट मालकांना गाठलं. मृदुला नावाच्या मुलीनं माझ्या आईला धडधडीत खोटं सांगितलं, मला ती मुलगी समोर हवी आहे. मालकांनी मखमलला झापलं. आणि मखमलनं काय करावं? सरळ माझ्या शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. "साहेब, हिनं अजून एक फोन उचललेला नाही."

"मला माहीत आहे, ताई."

"मग?"

"गिऱ्हाईकाला मृदुला हवी आहे. आपल्याकडे कागदोपत्री मृदुला एकच." मग पोरीकडे वळून, तोच लोण्यासारखा आवाज, "बाळा, फक्त 'माझं चुकलं' म्हणायचं. सोमवारपासून येऊ नकोस. तशीही तू कच्चीच आहेस. मी दुसरीकडे तुझ्यासाठी शब्द टाकेन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आम्ही सगळ्या मृदुला होतो. हसायला मृदुला, शिव्या खायला मृदुला, त्या मेल्या जेवलीस-का-वाल्याला रिझवायला मृदुला. आणि आता फासावर चढवायची वेळ आली तर म्हणे मृदुला एकच! मी खोलीभर नजर फिरवली. गाणारीचं गाणं बंद. उंच नखं बघतेय. बॅटरी मान खाली घालून वायरीशी चाळा करत होती. तिची दोन मुलं आहेत, नवरा घरी बसून आहे, मला सगळं कळत होतं, तरी त्या क्षणी तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, तुम्हीही चला," मखमल म्हणाले. "सिनियर म्हणून. तुम्हाला काही बोलायचं नाहीये, फक्त मान हलवा."

माझ्या मानेवर यांचा इतका भरवसा कसा, मला कळेना. पण म्हटलं, चला.

पुढच्या खोलीत सोफा आहे, काचेचं टेबल आहे, भिंतीवर त्याच स्टिकरवालीचा मोठा फोटो आहे. सोफ्यावर मुलगा बसला होता, चाळिशीतला, रागानं लाल. शेजारी आजी. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. बंद खोलीत बसायला नको म्हणून की काय, त्यांनी दार लावू दिलं नव्हतं. शिपायानं दोनदा लावलं, दोनदा त्यांनी उघडायला सांगितलं.

मखमलनं सुरुवात केली. फार वाईट झालं, कंपनीला खेद आहे, मुलगी नवीन आहे, आम्ही तिला काढून टाकलेलंच आहे. मुलगा पोरीला म्हणाला, "तू का ती मृदुला?"

"माझं नाव मृदुला आहे," ती म्हणाली, "पण..."

"बघा, कबूल करतेय," मखमल म्हणाले.

"तुला कल्पना आहे का तू काय केलंस?" मुलगा ओरडला. "माझी आई त्या डब्यात दुपारभर... तिथे तिला... तिच्या कपड्यांत..." त्याला पुढे बोलवेना.

"सांग की," आजी म्हणाल्या. "लघवी झाली मला कपड्यात. दार कापलं तेव्हा सगळी इमारत बाहेर उभी होती. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यातली निम्मी पोरं त्याच इमारतीत राहतात." त्यांचा आवाज थरथरत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "मी खाली बसले नाही. माणूस निघालाय म्हणत होत्या, म्हटलं आत्ता येईल, आत्ता येईल. सरळ सांगितलं असतं की कुणी नाही, तर मी आरडाओरडा केला असता. मला खोट्यावर उभं ठेवलं."

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आजी, मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली.

आजींनी एकदम मान वर केली. "हिचा आवाज असा नव्हता."

"फोनवर आवाज वेगळा येतो, आजी," मखमल म्हणाले. लगेच. तयारच होतं उत्तर.

आणि मान हलवायला आणलेली मी बोलले. "वेगळा येतो ना? मग फोन लावूनच बघू या. ही इथे बसली आहे. लावा हो तुम्ही तो स्टिकरवरचा नंबर."

"ताई," मखमल म्हणाले.

"तुम्ही थांबा. लावा, दादा. सगळ्यांना ऐकू येईल असा लावा."

मुलानं माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं, पण नंबर त्याच्याकडे होताच. त्यानं फोन काचेच्या टेबलावर ठेवला. एक रिंग, दुसरी रिंग. "नमस्कार, मी मृदुला! बोला, काय मदत करू?" गाणारीचा आवाज, अगदी लडिवाळ. मुलगा समोरच्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"ठेवा," मी म्हटलं, "आणि परत लावा."

"नमस्कार, मी मृदुला. बोला, काय मदत करू?" ही उंच. तिचा आवाज नाकातून येतो.

"परत."

"अहो, हे काय चाललंय?" मखमलचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. ते फोन उचलायला पुढे झाले, तर आजींनी आपली पर्स फोनवर आडवी ठेवली. मास्तरीणबाई त्या. मखमल मागे झाले. मुलानं परत नंबर लावला.

"नमस्कार, मी मृदुला. बोला..."

"हीच," आजी म्हणाल्या. त्या फोनवर वाकल्या. "बाई, तुम्ही मला सांगितलंत माणूस निघालाय."

तिकडून काही आवाज येईना. मला तिचा तो चष्मा, ती वायर, सगळं दिसत होतं. मी मनात म्हणत होते, बोल गं बॅटरी. आज बोल. नाहीतर मी तुझं तोंड पाहणार नाही.

"हो आजी," फोनमधून आलं. "मीच ती. माणूस निघालाच नव्हता. मी साहेबांना सांगितलं होतं, ते म्हणाले, निघालाय म्हणून सांग. आम्हाला सगळ्यांना तसंच सांगायला लावतात." मग हुंदका आला. "ती नवीन पोरगी नव्हती हो. तिला काही करू नका."

आजींनी पर्स उचलून परत मांडीवर घेतली. "खरं सांगायला इतका उशीर?" त्या फोनला म्हणाल्या. रागानं म्हणाल्या, आणि त्यांचा तो हक्कच होता. मग त्या मुलाला म्हणाल्या, "चल, मालक कुठे बसतो ते बघू." जाताना दारात थांबून त्यांनी पोरीला विचारलं, "तुझं खरंच मृदुला नाव आहे?"

"हो."

"कुणी ठेवलं?"

"बाबांनी."

"छान आहे," आजी म्हणाल्या आणि गेल्या.

मालकांशी त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. एवढं खरं की पोरीची नोकरी राहिली, बॅटरीचीही राहिली, आणि मखमलचीही राहिली, कारण जगात न्याय असा अर्धाच मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मखमल आमच्या खोलीत आले. पुन्हा लोण्यासारखे. पोरीला हेडफोन दिला, टेबल दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर ती बाजूला सरकली.

"फक्त एक अडचण आहे, बाळा," ते म्हणाले. "आता उगाच घोटाळा नको. तू फोनवर मृदुला म्हणायचं नाही. तू कोमल म्हण. अर्थ तोच आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोण कोमल म्हणणार?"

"ही."

"अहो, तिचं नाव मृदुला आहे! शोधायचं तर आम्हाला शोधा ना दुसरं नाव!"

"ताई, जरा डोक्यानं विचार करा. शहरभर लिफ्टमध्ये स्टिकर लागलीत. ती सगळी खरवडायची का? त्यापेक्षा एक मुलगी बदलणं सोपं." मग तिला, "घरी तू मृदुलाच आहेस ना? घरी वापर की हवं तेवढं."

घरी वापर! चपला आहेत का त्या? बापानं फाटक्या हातात धरून ठेवलेलं नाव, आणि हा माणूस तिला ते कधी आणि कुठे वापरायचं याची परवानगी देतोय. मी तोंड उघडलं, चांगली शेलकी जिभेवर आली होती, तेवढ्यात पोरीच्या टेबलावरचा फोन वाजला. तिच्या आयुष्यातला पहिला. मखमल तिच्याकडे बघत होते. सगळी खोली बघत होती. कच्ची नोकरी, वडिलांचे गुडघे, सगळं तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

तिनं हेडफोन नीट बसवला. "नमस्कार," ती तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी मृदुला."

मखमल काही बोलणार इतक्यात माझा फोन वाजला. मी उचलला. इतक्या वर्षांची सवय, जिभेवर तेच आलं होतं. मी ते गिळलं आणि माझं नाव सांगितलं. माझं स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं. नवरा मला "अगं" म्हणतो, मुलं आई म्हणतात, इथे ताई नाहीतर फौजदार. ते नाव मोठ्यानं ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. बोलताना मी अडखळले, लाज वाटली, आणि मग इतका राग आला की मी ते परत एकदा सांगितलं, खणखणीत. दाराजवळच्या बाप्यानंही मान वळवून पाहिलं. पलीकडे गाणारीचा फोन वाजला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मखमलकडे पाहिलं, आणि आपलं नाव सांगितलं. बॅटरीनंही सांगितलं. मला त्या दोघींची नावं विसरायला झाली होती.

"कोण बोलतंय?" माझ्या कानात एक बाई घाबऱ्याघुबऱ्या विचारत होती. "माझा मुलगा लिफ्टमध्ये अडकलाय हो. माणूस निघालाय का?"

"अजून नाही निघाला," मी म्हटलं. "समोर साहेब उभेच आहेत, मी त्यांना आत्ता पाठवायला लावते. मुलाला म्हणावं, खाली बस, आणि तुम्ही शेजाऱ्यांना हाका मारा."

"पण इथे तर मृदुलाला फोन करा असं लिहिलंय. मृदुला नाहीये का?"

"आहे ना," मी मखमलकडे बघत म्हटलं. "पण ती एकच आहे, आणि ती आत्ता दुसऱ्या फोनवर बोलतेय."